मनगटी घड्याळ: रोजचं कोणतं, ऑफिसचं कोणतं, लग्नातलं कोणतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आमचं घड्याळांचं दुकान आहे. वडील घड्याळजी होते, डोळ्याला भिंग लावून दिवसभर दुरुस्तीच्या टेबलावर. मी दुरुस्तीही करतो आणि विक्रीही. गेल्या काही वर्षांत मात्र तिसरंच काम वाढलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर घड्याळाचा फोटो येतो, खाली एकच ओळ: "हे घेऊ का?" तीच तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केलेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एकच घड्याळ घ्यायचंय. ऑफिसलाही चाललं पाहिजे आणि लग्नाकार्यालाही. काय घेऊ?

स्टीलची केस (म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच), ३६ ते ३९ मिलिमीटर व्यास, जाडी १० मिलिमीटरच्या आत. डायल पांढरी, मोतिया किंवा गडद निळी. तीन काटे, फार तर तारीख. पाण्यासाठी किमान ५ एटीएम, म्हणजे पाण्याचा दाब सोसायचं माप (प्रश्न ९). आणि पट्ट्याची रुंदी १८ किंवा २० मिलिमीटर, कारण या मापाचे पट्टे तालुक्याच्या गावातही मिळतात.

ही शेवटची अट लोक विसरतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. घड्याळाचं रूप डायलपेक्षा पट्टा जास्त बदलतो. स्टीलच्या चेनवर तेच घड्याळ सोमवार ते शनिवार ऑफिसला जातं. रविवारी चेन काढून काळा किंवा गडद तपकिरी चामड्याचा पट्टा चढवला की मंगल कार्यालयात मिरवायला तयार. दुकानदार म्हणून मला दोन घड्याळं विकायला आवडतील, पण खरं सांगायचं तर बहुतेकांना एक घड्याळ आणि दोन पट्टे पुरतात.

याच कारणासाठी, ज्याला फक्त त्याच कंपनीचा खास पट्टा बसतो असं घड्याळ मी टाळायला सांगतो. चार-पाच वर्षांनी पट्टा तुटतो, तोवर कंपनीने तो बनवणं बंद केलेलं असतं, आणि ठणठणीत चालू घड्याळ ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं.

२. 'फॉर्मल' घड्याळ म्हणजे नेमकं काय? दुकानात तर सगळ्यांवरच तसं लिहिलेलं असतं.

लिहिलेलं सोडा. शर्टाच्या कफचं बटण लावा आणि हात वर-खाली करा. घड्याळ कफखालून सहज आत-बाहेर सरकलं तर ते फॉर्मल. कफ त्याच्यावर अडकून बसला तर डब्यावर काहीही छापलेलं असो, ते फॉर्मल नाही.

म्हणजे पहिली गोष्ट जाडी. दुसरी, डायलवरची गर्दी. स्टॉपवॉचच्या तीन छोट्या डायली, भोवती फिरणारी आकड्यांची कडी, रात्री हिरवे चमकणारे जाड काटे हे सगळं खेळाच्या, पोहण्याच्या, विमान चालवण्याच्या कामाचं. वाईट नाही, पण सुटाखाली ते मोठ्याने बोलतं. सेकंदकाटा नसला तरी फॉर्मल घड्याळाचं काही बिघडत नाही.

पातळपणाचं आपल्याकडचं अभिमानाचं उदाहरण टायटनच्या 'एज'चं. २००२ साली आलेल्या या घड्याळाचं मशीन १.१५ मिलिमीटर जाडीचं आणि अख्खं घड्याळ साडेतीन मिलिमीटरचं होतं. कफला कळतही नाही की खाली काही आहे.

३. चौकोनी डायल ऑफिसला चालते का? की ती बायकांचीच?

उत्तम चालते, आणि ती बायकांची मुळीच नाही. कार्टिएचं 'टँक' हे चौकोनी घड्याळ १९१७ मधलं, आजही फॉर्मल घड्याळांचा नमुना म्हणून तेच दाखवतात. चौकोनी घड्याळाची आणखी एक गोष्ट थेट आपल्या मातीशी जोडलेली आहे. इंग्रजांच्या काळात भारतात पोलो खेळणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या. त्यावर तोड म्हणून झेजे-लकूल्त्रने १९३१ मध्ये 'रिव्हर्सो' काढलं: डायल उलटी फिरवून आत लपवायची आणि बाहेर पोलादी पाठ ठेवायची. खेळाच्या मैदानासाठी बनलेलं ते घड्याळ आज बोर्ड मीटिंगमध्ये दिसतं.

मापाचं एक ध्यानात ठेवा. चौकोनी घड्याळ गोलापेक्षा मोठं दिसतं, त्यामुळे गोलात तुम्हाला ३८ बसत असेल तर चौकोनीत रुंदी बरीच कमी घ्या.

४. सेलचं, चावीचं आणि ऑटोमॅटिक, यातलं कोणतं घेऊ?

रोजच्या वापराला सेलचं. नादासाठी बाकीची दोन.

सेलच्या घड्याळात क्वार्ट्‌झचा बारीकसा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सर्किट ते मोजून दर सेकंदाला काट्याला एक ढकल देतं, म्हणून काटा टक-टक उडी मारत चालतो. असं पहिलं मनगटी घड्याळ सेकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानमध्ये विकायला काढलं आणि स्वित्झर्लंडच्या घड्याळजींची झोप उडाली. साधं सेलचं घड्याळ महिन्याला १५-२० सेकंद पुढे-मागे होतं.

चावीच्या घड्याळात स्प्रिंग गुंडाळायची, ती उलगडताना चक्रं फिरतात आणि बॅलन्स व्हील त्यांचा वेग सांभाळतं. जुन्या मशीनमध्ये तासाला १८,००० ठोके, नव्यांत २१,६०० किंवा २८,८००. म्हणून इथे सेकंदकाटा सरकत गेल्यासारखा दिसतो. ऑटोमॅटिक म्हणजे हेच मशीन, फक्त आत एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग आपोआप भरते. ही दोन्ही दिवसाला काही सेकंद चुकणारच. स्वित्झर्लंडचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळवायलासुद्धा दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे इतकी मुभा असते. म्हणजे लाखाचं प्रमाणपत्रवालं मशीन अचूकपणात हजाराच्या सेलच्या घड्याळापुढे हरतं! ते घ्यायचं कारण वेगळं असतं. ज्याला ते कारण विचारावं लागतं, त्याने सेलचं घ्यावं.

५. बजेट किती ठेवू?

रोजचं चांगलं सेलचं घड्याळ आज तीन ते सहा हजारांत मिळतं. ऑटोमॅटिकला त्याहून बरेच जास्त मोजावे लागतात, शिवाय पुढे सर्व्हिसिंगचा खर्च (प्रश्न १४). दहा हजार असतील तर आठचं घड्याळ आणि उरलेल्यात चांगला चामड्याचा पट्टा घ्या. पट्ट्यावर केलेला खर्च लांबून दिसतो, मशीनवरचा दिसत नाही.

६. माझं मनगट बारीक आहे. ४२ चं घड्याळ शोभेल का?

व्यासावरून ठरवू नका. पट्टा अडकतो ती वरची आणि खालची टोकं असतात ना, त्या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी बघा. ती मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेली की घड्याळ उसनं आणल्यासारखं दिसतं.

घरी करायचा प्रयोग: वहीच्या कागदाची पट्टी त्या लांबीची कापा, मनगटावर आडवी, म्हणजे हाताच्या दिशेला काटकोनात ठेवा आणि आरशात बघा. कागदाची टोकं हवेत तरंगली तर ते घड्याळ तुमचं नाही. मनगटाचा घेर साडेसहा इंचांच्या आत असेल तर ही लांबी ४६-४७ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये असा माझा अनुभव. आणि मोबाईलवर काढलेला मनगटाचा फोटो पाठवून मला विचारू नका. कॅमेरा जवळ नेला की कोणतंही घड्याळ ताटाएवढं दिसतं.

मोठं म्हणजे मर्दानी हे गेल्या पंचवीसेक वर्षांतलं खूळ. गावाकडच्या पैलवानांच्या मनगटावर मी ३५ मिलिमीटरचं एचएमटी 'जनता' पाहिलंय. त्यांना कुणी काही म्हणायची टाप नव्हती.

७. चेन घ्यावी की चामड्याचा पट्टा? पावसाळ्यात चामड्याचं काय होतं?

जूनपासून सप्टेंबरपर्यंत चामडं कपाटात. महाबळेश्वर, कोकण, गोवा, मुंबई या पट्ट्यात राहत असाल तर यात तडजोड नाही. घाम आणि पाऊस शोषून चामडं आतून काळं पडतं, कडक होतं, आठवड्यात बुरशी धरतं, आणि वास तर असा की मीटिंगमध्ये हात उचलायची लाज वाटावी. उन्हाळ्यातही चामड्याचा पट्टा सलग रोज वापरू नये. एक दिवस घातला की एक दिवस वाऱ्यावर मोकळा राहू द्या, दुप्पट टिकतो.

चेन घेताना कड्या दुकानातच काढून घ्या, आणि काढलेल्या कड्या पिनांसकट पुडीत मागून घ्या. पुढे वजन वाढतं, सगळ्यांचंच वाढतं. चेन आणि मनगट यांच्यात करंगळी जाईल इतकी जागा हवी, कारण दुपारी उकाड्यात मनगट थोडं फुगतं.

नायलॉनचा पट्टा पावसाळ्यात सगळ्यात सोयीचा. धुतला, वाळवला, संपलं. पण तो फॉर्मल नव्हे.

८. पट्टा बुटांच्या रंगाचाच हवा का?

काळे बूट तर काळा पट्टा, तपकिरी बूट तर तपकिरी. छटा तंतोतंत जुळायची गरज नाही. सलवार-कुर्ता किंवा धोतर-उपरण्यावर कोल्हापुरी चप्पल असेल तर टॅन रंगाचा पट्टा फार खुलतो. स्टीलच्या चेनला हा नियम लागू नाही, म्हणून आळशी माणसाने चेन घालावी. मी घालतो.

९. घड्याळावर 'वॉटर रेझिस्टंट ३० मीटर' लिहिलंय. म्हणजे पोहता येतं ना?

नाही. ही चूक मी स्वतः केलीय. दुकानात नवा असताना एका गिऱ्हाइकाला बिनधास्त सांगितलं होतं, "तीस मीटर आहे साहेब, घेऊन जा." ते तारकर्लीला जाऊन आले ते काचेच्या आत वाफ आणि गंजलेली तारीख घेऊनच. नवीन मशीन मी माझ्या खिशातून बसवून दिलं.

तो आकडा प्रयोगशाळेतला, स्थिर पाण्याच्या दाबाचा असतो. ३० मीटर म्हणजे ३ एटीएम: हात धुताना उडालेलं पाणी, पावसाचे थेंब, बस्स. ५ एटीएमवर भांडी घासली, पावसात भिजलं तरी चालतं. पोहायचं असेल तर १० एटीएम किंवा त्याहून जास्त, आणि बाजूची चावी स्क्रूसारखी आवळणारी असेल तर उत्तम. स्कूबाला जायचं असेल तर डायव्हरचं म्हणून प्रमाणित केलेलं घड्याळच घ्या.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, गरम पाण्याची अंघोळ समुद्रापेक्षा वाईट. उष्णतेने आतली रबरी रिंग सैल पडते आणि साबण तिला खातो. दोन, हा आकडा घड्याळ नवं असतानाचा. सेल बदलायला पाठ उघडली आणि रबर तपासलं नाही, तर ५ एटीएमचं कधी शून्य होतं ते कळतही नाही.

१०. काचेच्या आत वाफ आलीय. तांदळाच्या डब्यात ठेवू का?

तांदूळ भातासाठी ठेवा. त्यातल्या पिठीचा कण आत गेला तर दुसरंच काम वाढेल. बाजूची चावी बाहेर ओढा, घड्याळ पाठ वर करून कोरड्या जागी ठेवा आणि त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. वाफ संध्याकाळी आपोआप गेली म्हणून खूश होऊ नका. पाणी बाहेर गेलेलं नसतं, मशीनवर बसलेलं असतं. खारं पाणी गेलं असेल तर दिवससुद्धा थांबू नका.

११. काचेला ओरखडे पडले. टूथपेस्टने निघतात म्हणे?

प्लास्टिकची म्हणजे अ‍ॅक्रिलिकची काच असेल तर निघतात. जुन्या एचएमटींवर हीच काच असायची. मऊ कापडावर मटारएवढी पेस्ट घेऊन पाच-सात मिनिटं गोल गोल घासा. मिनरल काचेवर काही फरक पडत नाही. ती बदलूनच घ्यावी लागते, आणि ते फार महाग काम नाही. सफायर काचेवर ओरखडे सहसा पडतच नाहीत, कठीणपणात ती हिऱ्याच्या खालोखाल. पण कठीण म्हणजे न फुटणारी नव्हे. कडाप्प्याच्या ओट्याच्या कडेवर आपटली तर सफायरच आधी टवका सोडते.

१२. सोनेरी घड्याळ घ्यावं का? पॉलिश उडतं का?

उडतं. प्रश्न फक्त कधी, एवढाच. सोनेरी म्हणजे बहुतेक वेळा वरून चढवलेला पातळ थर, आणि तो आधी चेनच्या कड्यांच्या आतल्या बाजूने जातो, जिथे घाम साचतो. घामट प्रकृती असेल तर रोजच्या वापराला घेऊच नका. लग्न, वास्तुशांत, दिवाळी एवढंच घालणार असाल तर वर्षानुवर्षं टिकतं. केस स्टीलची आणि काटे-आकडे तेवढे सोनेरी, हा मधला मार्ग मला जास्त आवडतो. गळ्यातल्या सोन्याशीही जुळतं.

मनगटावर पुरळ उठत असेल तर दोष बहुतेक निकेलचा. स्वस्त मिश्रधातू सोडून ३१६एल स्टील वापरून बघा, तेही सोसत नसेल तर टायटॅनियम.

१३. बायकांच्या घड्याळांच्या डायली इतक्या बारीक का असतात? आणि बांगड्यांबरोबर घड्याळ कसं घालायचं?

जुन्या फॅशनचा तो अवशेष आहे, नियम नव्हे. २४ मिलिमीटरच्या डायलवर आकडेही नसतील तर चाळिशीनंतर दोन वाजून दहा की पंधरा हे चष्म्याशिवाय कळत नाही. ३० ते ३४ मिलिमीटर बहुतेक मनगटांना शोभतं. 'पुरुषांच्या' काउंटरवरचं ३५ चं घड्याळ मागायला बिचकू नका. माझ्या बायकोचं रोजचं घड्याळ तिथलंच आहे.

बांगड्या आणि घड्याळ एका हातात नको. स्टीलची केस काचेच्या बांगडीला टिचवते आणि सोन्याच्या बांगडीला घासते. हिरवा चुडा भरलाय तेव्हा तर घड्याळ पर्समध्येच ठेवा, फोटोतही बरं दिसतं. एरवी डाव्या हातात घड्याळ, उजव्यात एखादं कडं. पैठणीवर बांगडीसारखं दिसणारं घड्याळ छानच, फक्त त्यातला सेल बहुधा चिमुकला असतो, लवकर संपतो.

१४. वडिलांचं एचएमटी सापडलंय, चावी दिली की चालतं. ऑफिसला वापरू का?

वापरा, पण आधी सर्व्हिसिंग. चालतंय म्हणजे ठीक आहे असं नसतं. आतलं तेल वाळून डिंक झालेलं असतं आणि कोरडी चक्रं एकमेकांना खात असतात. उघडून, धुऊन, तेल देऊन घ्या. पुढे चार-पाच वर्षांनी पुन्हा.

एचएमटीने जपानच्या सिटीझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना सुरू केला, आणि पुढची काही दशकं नोकरीला लागलेल्या पोराच्या पहिल्या पगाराचं घड्याळ म्हणजे एचएमटी हे ठरलेलं. २०१६ च्या जानेवारीत सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. 'जनता', 'पायलट' यांची मशीन साधी आणि दणकट. पातळ 'सोना' तर प्रश्न २ ची कफची परीक्षा आजही पास होतं.

चावी रोज एकाच वेळी द्या, सकाळी चहा उकळेपर्यंत. वीस-पंचवीस वळसे झाले की चावी घट्ट होते, तिथे थांबा. पाण्यापासून कटाक्षाने लांब ठेवा. आणि डायल पिवळी पडली असेल तर रंगवून घेऊ नका. हा मोह घड्याळजीच घालतात, मला माहीत आहे. त्या पिवळेपणाला तुमच्या वडिलांची तीस वर्षं लागलीत.

१५. ऑनलाइन जुनं एचएमटी किंवा फेवर ल्यूबा अगदी नव्यासारखं स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

'नव्यासारखं' हाच इशारा समजा. तीन-चार मेलेल्या घड्याळांचे भाग जोडायचे, डायल रंगवून त्यावर नाव छापायचं आणि विकायचं, असा धंदा जोरात चालतो. परदेशातले संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं निघावं याचं वाईट वाटतं, पण नाव चुकीचं नाही.

ओळखायचं कसं? भिंगातून अक्षरं बघा. मूळ छपाई कातीव असते, रंगवलेल्या डायलवर अक्षरांच्या कडा पसरलेल्या आणि मिनिटांच्या रेघा वाकड्या. केस घासून गुळगुळीत झालेली पण डायल लखलखीत, हे कसं होईल? पोपटी, केशरी, गुलाबी अशा भडक डायली आणि त्यावर मोठ्ठी चित्रं दिसली तर पुढे जा. आतल्या मशीनचा फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करतो, मग उत्तर मिळालंच.

१६. घड्याळावर '१७ ज्वेल्स' लिहिलंय. आत हिरे आहेत का? विकता येतील?

दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. आत कारखान्यात बनवलेली माणकं असतात, तिळाहून लहान. चक्रांची टोकं त्यांच्यात फिरतात म्हणून झीज कमी होते. विकायला गेलात तर चहाचे पैसेही सुटणार नाहीत.

१७. रोमन आकड्यांच्या डायलवर चारच्या जागी चार उभ्या रेघा आहेत. नकली आहे का?

नाही. घड्याळांवर चार असाच लिहायची फार जुनी प्रथा आहे. समोरचा आठ भरगच्च असतो, त्याला चार रेघांनी तोल येतो. नकली माल ओळखायच्या खुणा प्रश्न १५ मध्ये दिल्या आहेत. 'फर्स्ट कॉपी'बद्दल विचारणार असाल तर: मी विकत नाही, दुरुस्तही करत नाही. दीड हजार खऱ्या कॅसिओला द्या. दोन लाखांच्या खोट्या नावाखाली दोनशे रुपयांचं मशीन असतं.

१८. जावयाला घड्याळ द्यायचंय. त्याची आवड माहीत नाही.

एके काळी लग्नात एचएमटी 'कांचन' दिलं की सासऱ्याची कॉलर ताठ व्हायची, निवड करावीच लागत नसे. आता जावई मनगटावर काय घालतो ते एकदा नीट बघून या. स्मार्टवॉच असेल तर फॉर्मल, पातळ, चामड्याच्या पट्ट्याचं द्या, कारण ते त्याच्याकडे नसणार. चेनच्या कड्या आधी काढू नका आणि मागे नाव कोरू नका, म्हणजे बदलून घेता येतं. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का आहे ना ते दुकानातच बघा.

निवृत्तीच्या निरोप समारंभाला मात्र घड्याळ देऊ नका, अशी माझी विनंती आहे. पस्तीस वर्षं पंचिंग केलेल्या माणसाला शेवटी पुन्हा वेळच दाखवायची?

१९. स्मार्टवॉच आहे. इंटरव्ह्यूला आणि ऑफिसला तेच चालेल ना?

ऑफिसला चालेल. इंटरव्ह्यूला काढून ठेवा. मेसेज आला की मनगट थरथरतं, नजर नकळत खाली जाते आणि समोरच्याला वाटतं तुम्हाला घाई आहे. दोन्ही हातांत दोन घड्याळं घालणारेही येतात दुकानात. पावलं मोजायला सकाळी एक, दिवसभर दुसरं, असं करा.

परीक्षेचं वेगळं. 'नीट'ला कुठलंच घड्याळ आत नेता येत नाही, साधं काट्याचंही नाही. बाकी परीक्षांचे नियम प्रवेशपत्रावर वाचा, आणि सराव करताना मनगट मोकळं ठेवून भिंतीवरच्या घड्याळाची सवय करा.

२०. माझं काम हातांचं आहे: वर्कशॉप, शेती, दवाखाना. मला काय?

वर्कशॉप आणि शेतीला कॅसिओचं डिजिटल. त्यांचं एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून जवळपास जसंच्या तसं मिळतंय, वजन २१ ग्रॅम, सेल सातेक वर्षं. जास्त आदळआपट असेल तर १९८३ मध्ये आलेलं जी-शॉक. हातोडा, ड्रिल, ग्राइंडर चालवताना ऑटोमॅटिक नको, त्याच्या आतल्या नाजूक पिना धक्क्याने मोडतात. नाडी मोजायची असेल तर ठळक सेकंदकाटा आणि धुता येणारा पट्टा. हे लोक लग्नाला गेले की वेगळं घड्याळ लागतं. 'एक घड्याळ, दोन पट्टे' हा माझा नियम इथे मोडतो.

२१. सेलच्या घड्याळाचा सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतोय. बिघडलं?

बिघडलं नाही, सेल संपत आल्याचं ते सांगतंय. बऱ्याच चांगल्या मशीनमध्ये ही सोय असते. काट्यांच्या घड्याळाचा सेल साधारण दोन-तीन वर्षं जातो. संपलेला सेल आत ठेवू नका. तो फुटून पाझरतो आणि पन्नास-शंभर रुपयांचं काम मशीन बदलण्यावर जातं. उन्हावर चार्ज होणारं घड्याळ असेल तर उलटं: ते कपाटातल्या अंधारात महिनोन्‌महिने ठेवू नका, खिडकीत ठेवा.

२२. ऑटोमॅटिक शनिवारी काढून ठेवलं, सोमवारी बंद. आणि तारीख बदलताना अडकल्यासारखं वाटलं.

बंद पडणं बरोबर आहे. पूर्ण भरलेली स्प्रिंग चाळीसेक तास पुरते. सोमवारी वीस वळसे चावी द्या (काही जुन्या मशीनना चावी देता येत नाही, ती हलक्या हाताने हलवा) आणि वेळ लावा. तारखेची गोष्ट गंभीर आहे. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान काटे असताना तारखेचं चक्र आधीच दात्यात गुंतलेलं असतं. तेव्हा जोर लावला की दाता मोडतो. आधी काटे फिरवून सकाळी सहावर आणा, मग तारीख बदला, मग खरी वेळ लावा.

२३. चांगलं चाललेलं ऑटोमॅटिक अचानक दिवसाला दहा मिनिटं पुढे जायला लागलं.

चुंबक. केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावत सुटतं. रात्री मोबाईलच्या स्पीकरजवळ, लॅपटॉपवर किंवा चुंबकाच्या बटणाच्या पर्सवर ठेवत होता का, आठवा. पोराच्या कंपासपेटीत होकायंत्र असेल तर घड्याळाजवळ आणा. सुई थरथरायला लागली तर निदान पक्कं. घड्याळजीकडे चुंबक काढायचं यंत्र असतं, तुमचा चहा संपायच्या आत काम होतं. सर्व्हिसिंगचे पैसे कुणी मागितले तर आधी हे करून बघायला सांगा.

२४. आईचं घड्याळ आहे, मशीन मिळत नाही, दुरुस्त होणार नाही म्हणाले. बंद घड्याळ घालून लग्नाला गेलं तर चालेल का?

खुशाल घाला. आधी आतला मेलेला सेल काढून घ्या (प्रश्न २१) आणि पट्ट्याच्या पिना बदला, जुन्या पिनांनी दगा दिला तर हॉलमध्ये शोधत बसाल. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर लावून ठेवा, जाहिरातीत असतात तसे. मुहूर्त किती वाजता म्हणून कुणी विचारलं, तर मात्र पत्रिकेत बघा.